समोरच्या काचेतलं ऊन

गल्लीत बातमी अशी होती की शिवणयंत्रं दुरुस्त करणारे काका उतारवयात समोरच्या बाईच्या प्रेमात पडले.

बातमीचा उगम कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. हा गृहस्थ कपड्याला जितक्या घड्या घालतो त्याच्या दुप्पट बातमीला घालतो आणि दर घडीला एकदा म्हणतो, "आपल्याला काय करायचंय म्हणा!" ही बातमीसुद्धा त्याने तशीच वाफ मारून दिली. "रोज सकाळी ती केस वाळवायला खिडकी उघडते आणि हा आपला समोर उभा. पापणी लवत नाही. हातात खडू! मधेच वाकतो, जमिनीवर काहीतरी खरडतो, की परत उभा. घरात बायको आजारी, आणि हे थेर. आपल्याला काय करायचंय म्हणा."

यातलं उभं राहणं खरं. पापणी न लवणं खरं. खडूही खरा, कापडावर खुणा करायचा निळा चपटा खडू. खोटं एवढंच की काकांना त्या बाईशी कवडीचं देणंघेणं नव्हतं. तिच्या जागी एखादं मांजर केस वाळवत बसलं असतं, तरी त्यांनी इतक्याच भक्तिभावाने पाहिलं असतं. त्यांचा जीव जडला होता तो खिडकीच्या काचेवर.

काका-काकूंची खोली दुसऱ्या मजल्यावर, गल्लीच्या अंगाला. खिडकी एकच, आणि समोरची इमारत इतकी जवळ की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे रुमाल काढावा. ऊन म्हणून त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसे. भरदिवसा दिवा लावून सुईत दोरा ओवायचा. फक्त सकाळी, चहाची भांडी विसळून झाली की, समोरच्या बाईची खिडकी बाहेर उघडायची, तिच्या काचेवर वरून ऊन आदळायचं आणि तिथून उडी मारून काकांच्या खोलीत यायचं. कपाट आणि दुरुस्तीचं टेबल यांच्या मधोमध, चादरीएवढा तुकडा. इतकी वर्षं त्याचा उपयोग एकच होता. काकू त्यात ओले पायमोजे वाळत घालायच्या.

काकू शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत. आवाज असा की वर्गात 'बसा' म्हटलं तर मैदानावरची मुलंही बसत. एका सकाळी फळा पुसता पुसता त्या खाली कोसळल्या. मेंदूत रक्ताची गुठळी. मग दवाखाना, मग व्यायाम. पाय फरफटत का होईना परत आला, हात आला, जीभ मात्र हट्टाला पेटली. उठल्याउठल्या शब्द ओल्या साबणासारखे हातातून निसटत. गाल फुगव, जीभ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरव, असे व्यायाम झाले की थोडा वेळ वाट मोकळी व्हायची. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलून घ्या. जेवणाच्या आधीच जीभ पाय मुडपून बसायची, ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

तेव्हापासून काकू घराबाहेरच्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. दारात कोणी आलं की मान हलवायची. हसायच्याही नाहीत, कारण हसलं की ओठ एकाच बाजूला पळायचा. "कुणाला... सांगायचं... नाही," असं त्यांनी काकांकडून वदवून घेतलं होतं आणि काकांनी गळ्याची शपथ घेतली होती.

आणि शपथ ताजी असतानाच मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा, फोन आला.

"कशा आहेत आमच्या बाई?"

काका फोनवर उभे राहून बोलतात. "होतं काय, की," ते म्हणाले आणि चष्मा नाकावर ढकलला, "एकदम ठणठणीत! पोपटासारखी बोलते!"

"अरे वा! मग प्रश्नच मिटला. शनिवारी संध्याकाळी मंडळ बसतंय. जागा भरून टाका म्हणतात, नवीन उमेदवार दारात उभे आहेत. तुम्ही असं करा, त्यांचा एक धडा शिकवतानाचा व्हिडिओ पाठवा. कापाकापी नको, एका दमात. आणि चेहरा, ओठ नीट दिसू देत. अध्यक्षांचा आग्रह आहे."

फोन ठेवून काका वळले. काकू पलंगावरून बघत होत्या.

"पो...पट?"

"तोंडातून निघून गेलं गं."

"मग... पिंजरा... पण... आणा."

पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं, आणि ते काकांनी पाहिलं. शाळा गेली तर या बाईची जीभ कायमची गप्प बसेल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रोज सकाळचं ते गाल फुगवणं, जीभ फिरवणं कशासाठी चाललं होतं? नवऱ्याशी बोलायला? नवऱ्याशी तर त्या भुवईनेही भांडू शकत होत्या.

मग काकांनी चित्रपट काढायला घेतला. भांडवल म्हणून हातातला मोबाइल आणि घरातल्या वस्तू. फोटो स्टुडिओवाल्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, घरी येतो, दिवे आणतो, माणूस आणतो. त्याला खिशाने नकार दिला आणि काकूंनीही. "बाहेरचा... नको." ट्यूबलाइट लावून पाहिली. मोबाइलमध्ये काकूंच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे खाली सरकू लागले आणि वरून पडणाऱ्या उजेडाने ओठाचा वाकडा कोपरा खड्ड्यासारखा दिसू लागला. काकूंनी ते पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला. गच्चीवर जायला जिने, आणि जिन्यांवर माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पायमोजे वाळत घालायला त्या उन्हाच्या तुकड्यात गेल्या आणि काकांनी सहज मोबाइल वर केला. पडद्यावर त्यांची बायको आली. आजाराच्या आधीची नाही, आत्ताचीच, पण अख्खी. ओठ, दात, भुवई, सगळं स्वच्छ. काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

तेव्हापासून ते खिडकीत उभे राहू लागले. तुकडा कुठून शिरतो, कुठे सरकतो, कधी कपाटावर चढतो, हे जमिनीवर निळ्या खडूने आखत गेले. खुर्चीचे चार पाय चार खुणांवर. मोबाइल शिवणयंत्राच्या डोक्याला इलास्टिकने आवळून बांधला. लोखंडी धूड, ते काय हलणार? कपाटाच्या दाराला पांढरं अस्तर टाचून दार अर्धं उघडं ठेवलं, म्हणजे अंधाऱ्या गालावरही उजेडाचा शिंतोडा. सगळं जुळून आलं होतं. जीभ मोकळी व्हायची वेळ आणि ऊन यायची वेळ एकच.

"पण काका," त्यांचा पुतण्या म्हणजे प्रस्तुत अस्मादिक, तमाशा बघायला गेले असताना म्हणाले, "सगळा बेत दुसऱ्याच्या खिडकीवर? तिने ऐन शनिवारी उघडलीच नाही तर?"

"इतक्या वर्षांत एक दिवस चुकलेली नाही."

"लावता पैज? शनिवारी खिडकी उघडणार नाही."

"लाव. हरलास तर माझी नक्कल बंद. कायमची."

अस्मादिकांची काकांची नक्कल गल्लीत गाजलेली. चष्मा ढकलून 'होतं काय, की' म्हटलं की लोक खुर्च्या ओढून बसत.

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी भर गल्लीत उभा राहून तुझी नक्कल करीन. बघू तुला किती आवडते."

शुक्रवारी रंगीत तालीम ठेवली. आणि त्या तालमीत काकू अशा काही बोलल्या की बस्स. हातच्याची वजाबाकी. शब्द सावकाश आले, पण एकामागोमाग रांगेत आले, धक्काबुक्की न करता. शेवटी त्या स्वतःच थक्क झाल्या. काका टाळ्या वाजवणार होते, पण आवाज नको म्हणून हवेतच हात हलवत राहिले.

"हेच पाठवू! उद्याची वाटच कशाला बघायची?"

मोबाइल उघडला. त्यात काकांचा अंगठा होता. फक्त अंगठा, आणि मग काळोख. त्यानंतर वेगळा तुकडा, त्यात हवेत हलणारे दोन हात. मधली वजाबाकी गायब.

झालं होतं असं. शिवणयंत्र सुरू करताना चाकाला हाताने आधी एक टिचकी द्यायची, मग दुसरी, तेव्हा ते लागतं. जन्मभराची सवय. काकांनी मोबाइललाही दोन टिचक्या दिल्या. पहिलीने चालू, दुसरीने बंद. आणि शेवटी बंद करायला दिलेल्या टिचकीने परत चालू, तो हवेत हात हलवून झाल्यावर दुसरी देईपर्यंत.

काकूंनी रागवायला तोंड उघडलं, पण जीभ तोवर पाय मुडपून बसली होती. त्या नुसत्या बघत राहिल्या. काकांना वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार उजाडला. काकूंनी केस विंचरले, शाळेची निळी साडी नेसल्या, गाल फुगवले, जीभ फिरवली. चहाची भांडी विसळून झाली. काका यंत्राजवळ उभे, एक डोळा खिडकीवर.

समोरची खिडकी बंद होती. नुसती बंद नाही, आतून काचेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं.

काका थोडा वेळ थांबले. मग जरा जास्त. मग पायात चपला न घालताच खाली पळाले. इस्त्रीवाला एका सदऱ्याची कॉलर भाजत होता.

"समोरच्या ताई... गावाला गेल्या का?"

"छे हो. घरात आहेत." त्याने काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आपल्याला काय करायचंय म्हणा, पण कालच मी त्यांच्या कानावर घातलं. म्हटलं, ताई, खिडकीला कागद लावून घ्या. दिवस बरे नाहीत. म्हातारीही माणसं चळतात."

काकांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि घरातला प्रकाश कुठे गेला तेही कळलं. ज्या काचेवर त्यांनी इतके दिवस डोळे लावले होते, ती त्यांच्या डोळ्यांनीच बंद केली होती.

समोरच्या बाईला गल्लीत 'काउंटरवाली' म्हणतात. वीजबिलाच्या खिडकीत बसून बसून तिची जीभ तशीच झालेली. घरी पाहुणा दोनदा एकच गोष्ट बोलला तर म्हणते, "पुढचे!" काकांनी तिची बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं.

"काय काम?"

"होतं काय, की... तुमची खिडकी..."

"तेच मी म्हणते! खिडकी! लाज वाटत नाही?"

"ताई, मला तुम्ही नकोय हो. मला..." काकांच्या घशात शपथ आडवी आली. बायकोचं नाव काढायचं नाही, आजाराचं नाव काढायचं नाही, मग उरतं काय? "मला तुमच्या काचेतलं ऊन हवंय."

"या वयात कविता?" ती म्हणाली. "पुढचे!"

दार बंद.

काका परत आले तेव्हा खोलीत नेहमीचा अंधार होता आणि त्यात काकू खडूच्या खुणांवरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, वर्ग भरायची वाट बघितल्यासारख्या. काका यंत्राशेजारी जमिनीवरच बसले. बाहेर ऊन मजला मजला पुढे चाललं होतं आणि इथे जिभेची वेळही. दोन्ही गाड्या सुटणार होत्या आणि ते फलाटावर अनवाणी.

"मोठ्या बाईंना सांगून टाकतो," ते म्हणाले. "खोटं बोललो म्हणून. नाही जमत आम्हाला. माझ्याच हाताने घालवलं मी तुझं सगळं. काल अंगठ्याने, आज डोळ्यांनी."

"डो...ळ्यांनी?"

मग सांगावंच लागलं. गल्लीला काय वाटतं, इस्त्रीवाला काय म्हणाला, ताईंनी दारात काय ऐकवलं. ऐकता ऐकता काकूंचा ओठ एका बाजूला पळाला. आधी काकांना वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. वाकडं, एकीकडचं, खांदे हलवत. "तुम्ही... आणि... प्रेम?"

"हस. तेवढंच राहिलंय."

काकू उठल्या. एक पाय मागून ओढत खिडकीशी गेल्या. काकांना वाटलं, पायमोजे काढायला. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली, पोटातून श्वास घेतला आणि कित्येक महिन्यांनी त्या गल्लीत काकूंचा आवाज गेला. पूर्वीचा खणखणीत नव्हता. चाक वाकलेल्या सायकलसारखा, दर फेरीला घासणारा. पण गेला.

"ता...ई!"

खाली इस्त्री थांबली.

"माझा... नवरा... तुम्हाला... बघत नाही." पुन्हा श्वास. "त्याला... मीच... दिसत नाही. अंधार... आहे... इथे."

काका उभे राहिले. त्यांना ओरडून सांगायचं होतं, पुरे, शब्द संपवू नकोस, वजाबाकीला लागतील.

"मला... शाळेत... परत... जायचंय. शिकवून... दाखवायचंय. थोडं... ऊन... उसनं... द्या."

पलीकडे कागद टरकला. मग आणखी एक. खिडकी उघडली. काउंटरवाली, ओले केस, हातात चुरगळलेलं वर्तमानपत्र. तिने काकूंकडे पाहिलं, त्यांच्या ओठाकडे पाहिलं, मागच्या खुर्चीकडे, यंत्राला बांधलेल्या मोबाइलकडे, कपाटाला टाचलेल्या अस्तराकडे. एखादा अर्ज वाचावा तसं सगळं वाचलं.

"किती वेळ लागेल?"

"एका... वजाबाकी...चा."

"घ्या."

पण उशीर झाला होता. ऊन सरकलं होतं. काचेवरून उडालेला तुकडा खुर्चीवर न पडता छताला जाऊन चिकटला. काका खिडकीतून हातवारे करू लागले. इकडे, अजून इकडे, नको, मागे! काउंटरवालीने झडप थोडी लोटली, थोडी ओढली. तुकडा छतावरून कपाटावर, कपाटावरून भिंतीवर घसरला आणि काकूंच्या कपाळावर, मग गालावर, मग ओठावर येऊन थांबला. "तिथेच! हलवू नका!" झडप सोडली की पळणार, म्हणून ती हाताने धरून उभी राहिली. खाली इस्त्रीवाला मान वर करून बघत होता. आता तर उघड उघड खाणाखुणा!

काकांनी मोबाइलला एक टिचकी दिली. हात दुसऱ्या टिचकीसाठी शिवशिवला. त्यांनी तो हात खिशात कोंबला आणि वरून दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"बत्तीस... मधून... सात," काकू म्हणाल्या. समोर तीन माळा, प्रत्येकीत दहा बटणं, आणि दोन सुटी. "एककाच्या... घरात... किती? दोन. द्यायची... सात. आता... रडायचं? नाही. शेजारी... जायचं. शेजारचं... घर... कुणाचं? द... दश..."

जीभ अडकली.

"दश... द..."

काकांनी डोळे मिटले. खिडकीतच संपवले शब्द हिने, तिथेच खर्ची घातले. मोबाइल चालू होता, कापाकापी नको होती, आणि काकूंचा ओठ त्या स्वच्छ उन्हात थरथरताना अध्यक्षांना अगदी नीट दिसणार होता. यासाठीच तर एवढा उजेड आणला होता आपण! काकांचा खिशातला हात मोबाइलकडे निघाला, बंद करायला.

काकूंनी मान वर केली. भुवई उचलली. दुसरीचा अख्खा वर्ग समोर असल्यासारखी नजर फिरवली.

"को...ण... सांगेल? शहाण्यांनो?"

"दशकाचं!" गल्लीपलीकडून आवाज आला, काउंटरच्या खिडकीतून यावा तसा, खणखणीत.

काकूंनी मान वळवलीसुद्धा नाही.

"हात... वर करून."

काउंटरवालीने हात वर केला. म्हणजे झडपेवरचा. झडप सुटली आणि खोलीत अंधार. धडपड, खडखड, "अगंबाई!" आणि ऊन परत आलं, जरा वाकडं, काकूंच्या अर्ध्या चेहऱ्यावर आणि भिंतीवर. काकू मघाच्याच जागी, मघाच्याच चेहऱ्याने.

"शाबास," त्या म्हणाल्या. "दश...काकडून... एक माळ... उसनी." माळेची गाठ दातांनी सोडली. दहा बटणं घरंगळली. "आता... बारा. सात... गेली. पाच. आणि माळा... राहिल्या... दोन. म्हणजे?" इथे त्या बराच वेळ थांबल्या, काका मनात आकडा ओरडत राहिले. "पं...च...वीस."

एक टिचकी.

त्यानंतर काकू दिवसभर बोलल्या नाहीत, बोलू शकल्या नाहीत. काकांनी व्हिडिओ पाठवला, खाली 'ती सकाळीच बोलू शकते' एवढं खरं लिहिलं आणि मग तो स्वतः बघायची चूक केली. मधे अंधार, मधे परक्या बाईचं ओरडणं, 'अगंबाई', अडकलेली जीभ. मोबाइल पालथा घालून ते खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसत बसले. एक एक खूण, जोर लावून. काकू भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, पण झोपलेल्या नव्हत्या.

दिवेलागणीनंतर मोठ्या बाईंचा फोन आला. काका उठून उभे राहिले.

"पोपटासारखी म्हणालात ना?"

"होतं काय, की..."

"थांबा, माझं ऐका. मंडळात दोघे नाही म्हणाले. फार सावकाश, म्हणाले. अध्यक्षांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला. बाई 'हात वर करून' म्हणाल्या ना, तेव्हा माझ्या शेजारचे एक सदस्य हात वर करून बसले होते, त्यांचं त्यांना कळलं नव्हतं." फोनमध्ये खोकला. "पूर्ण दिवस नाही देता येणार. सकाळचे तास, एक सत्र. मग बघू. आणि मिस्तरी, दुपारचं बोलणं जमत नाही हे आधीच सांगितलं असतं तर मी सकाळचंच मागितलं असतं."

काकांनी फोन ठेवला आणि सांगायला वळले, तर काकू उठून बसल्या होत्या. सगळं ऐकलं होतं. त्यांनी बोट दाखवलं, जमिनीकडे. पुसू नका. एक खूण अजून शिल्लक होती. ती राहिली.

पैजेचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. अस्मादिकांचं म्हणणं असं की खिडकी वेळेवर उघडली नाही, कागद होता, विनवण्या कराव्या लागल्या, तेव्हा पैज काका हरले. काकांचं म्हणणं, पैज 'शनिवारी उघडणार नाही' अशी होती, आणि शनिवार अख्खा असतो. वाद काकूंपुढे गेला. त्यांची जीभ अजून झोपेत होती. त्यांनी नुसता हात वर केला आणि काकांकडे वळवला.

तेव्हा हरलो. शब्द पाळलेला आहे. त्या दिवसापासून चष्मा ढकलून कुणापुढे 'होतं काय, की' म्हटलेलं नाही, इस्त्रीवाल्याने दोनदा खुर्ची दिली तरी नाही. लिहून काढण्याबद्दल मात्र पैजेत काही ठरलं नव्हतं.